सुधाबाईंची वाडी

आमच्या बोईसरच्या शाळेत सुधाबाई मराठी शिकवायच्या. ‘माझे घर’ या निबंधात मुलांनी कितीही जीव ओतलेला असो, बाईंचं लाल पेन आधी शीर्षकावर चालायचं. ‘माझे’ खोडून ‘आपले’. पालक तक्रार घेऊन आले, तर त्यांनाच विचारायच्या, “मालकी म्हणजे काय हो? कागद! वीट रचणाऱ्याचं नाव असतं का त्यावर?”

स्वतः भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. घरमालकाशी वाद ठरलेला.

“या भिंती कोणी बांधल्या?”

“गवंड्याने.”

“मग घर कोणाचं?”

मालक हात जोडायचा. “बाई, तो गवंडी पण माझाच भाडेकरू हाय. त्याला तरी असलं काय शिकवू नका.”

मग बाईंचे वडील गेले आणि एडवणची चिकूची वाडी, घरासकट, त्यांच्या नावावर झाली. त्या एकुलत्या एक. ‘आता कळेल,’ असं म्हणत स्टाफरूममध्ये सगळे हसले. मीही हसलो.

महिन्याभरात बाई मला साक्षीदार म्हणून एडवणला घेऊन गेल्या. जानू आणि त्याची बायको लक्ष्मी तीस वर्षं ती वाडी राखत होते, कुडाच्या झोपडीत राहून. बाईंच्या हातातले कागद पाहून जानूचा चेहरा उतरला.

“वाडी इकली का बाई? आमी आता जावं कुठं?”

“अरे, तुमच्या दोघांच्या नावावर करतेय. झाडं तुम्ही वाढवलीत.”

त्याला खरं वाटेना. “आमचं काय चुकलं?” एवढंच तो विचारत राहिला. बाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या.

बक्षीसपत्र झालं. बाईंच्या चुलतभावांनी बोलणं टाकलं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. जानू-लक्ष्मी आता घरात राहायला आले होते. ज्या घरात जन्मल्या, त्याच्या फाटकाबाहेर थांबून बाईंनी विचारलं, “येऊ का?”

लक्ष्मीने भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. निघताना तिने बाईंची पिशवीच धरली. “आज रा ना बाई.”

“नको गं, उद्या शाळा आहे.”

उद्या रविवार होता.

बसची वाट बघताना बाई म्हणाल्या, “सर, मला कोणी ‘राहा’ म्हटल्याला किती वर्षं झाली असतील हो?”

बस आली. मी चढलो. खिडकीतून पाहिलं, तर बाई पिशवी सावरत वाडीच्या वाटेने परत निघाल्या होत्या.