पाचर-आबांचं फुलपात्र

आमच्या शेजारच्या आबांना हलणाऱ्या टेबलाचा राग येतो. साधासुधा नव्हे, जातिवंत राग. सांगलीतल्या कुठल्याही हॉटेलात त्यांच्याबरोबर मिसळ खायला जा. आपण आधी पाटीवरचे दर बघतो, आबा आधी टेबलाच्या कोपऱ्यावर तळवा दाबून बघतात. टेबल डुगडुगलं की "हालतंय गड्या" म्हणतात, शर्टाच्या खिशातून पुठ्ठ्याची घडी काढतात, खाली बसतात आणि टेबलाच्या पायाखाली पाचर सारतात. मिसळ येईपर्यंत शेजारच्या टेबलाचीही सोय झालेली असते.

खिशात पैसे नसतील, पुठ्ठा असतोच. दवाखान्यातलं बाकडं, पोस्टातला काउंटर, कशालाच त्यांनी सोडलेलं नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नात फोटोवाला कॅमेरा रोखून उभा, नवरानवरी हसून हसून दमलेली, आणि आबा सिंहासनाखाली अर्धे गडप! बाहेर येऊन नवरीला म्हणाले, "संसार पुढं हालायचाच हाय पोरी, खुर्ची तरी नको."

गल्लीत त्यांना पाचर-आबा म्हणतात. कुणी काही बेत करावा आणि आबांनी त्यात पाचर मारावी, हाही अर्थ त्यात आलाच. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नाही, कारण आबा फौजेतून आलेत.

फौजेत ते ड्रायव्हर होते. "लडाखात कर्नलसायेब माज्या जीपमदी काठोकाठ चहा घिऊन बसायचा. रस्ता कसला, नुस्ती दगडं. पर थेंब न्हाई सांडला! का? हात!" असं म्हणून ते दोन्ही पंजे पुढे करतात. लोक मेडल दाखवतात, आबा पंजे दाखवतात. अलीकडे मात्र पंजे दाखवून झाले की ते लगेच मांडीखाली घालायला लागले होते. मला वाटलं, विनय असेल. आबा आणि विनय यांची उभ्या जन्मात गाठ पडलेली नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता काकूंचं सांगतो. आबांची बायको, सुमनकाकू. मागे अंगणात घसरल्या आणि पाठीच्या मणक्याला मार बसला. डॉक्टर म्हणाले, "प्रवास चालेल, गचके नकोत." झालं! तेव्हापासून काकू सांगलीबाहेर गेल्या नव्हत्या. साताऱ्याला त्यांचे थोरले भाऊ असतात, दादा. ऐंशी कधीच ओलांडलेली, अंथरूण धरलेलं. दर रविवारी दादांचा फोन यायचा, "सुमे, कवा येतीस गं?" आणि काकू सांगायच्या, "गाडी पास झाली की येते."

गाडी पास करणार कोण? आबा. लडाखचीच परीक्षा त्यांनी इथे आणली. स्टीलचं फुलपात्र काठोकाठ पाण्याने भरायचं, हातात धरायचं आणि प्रवास करायचा. थेंब सांडला की गाडी नापास. आबांच्या भाषेत, "रिजेक्ट!"

एसटी रिजेक्ट झाली, त्यात नवल नाही. माझी कारही झाली. "गाडी बरी हाय रं, तुजा पाय वंगाळ. ब्रेक दाबतूस का झुरळ मारतूस?" जुनी पॅसेंजर गाडी? "पाळण्यागत हालती. पाळण्यात बाळ झोपतंय, म्हातारीचा मनका जातूय." काकू पिशवी भरून ठेवायच्या आणि निकाल ऐकून पुन्हा कपाटात रिकामी करायच्या.

मग आमच्या रेल्वेमार्गावर ती नवी पांढरी वेगवान गाडी आली. दारं आपोआप उघडणारी, आत विमानासारख्या खुर्च्या. सांगलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. हळदीच्या बाजारातले आमचे एक स्नेही तर शपथेवर सांगत होते, की गाडी सुटली ते त्यांना कळलंच नाही, निरोप द्यायला आलेला मेव्हणा मागे जायला लागला तेव्हा कळलं. मला दर सोमवारी बँकेच्या कामासाठी साताऱ्याला जावं लागतं. आबा म्हणाले, "मी बी येतू. तपासल्याबिगर पास न्हाई."

पहिल्या सोमवारी आबा ताठ बसले. फुलपात्र भरलं, उजव्या हातात पुढे धरलं. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवायचं नाही, टेकवलं तर ती लबाडी. माझा चहाचा कागदी कप पुढच्या खुर्चीमागच्या घडीच्या टेबलावर होता. त्याच्यावरची सायसुद्धा जागची हलत नव्हती.

"गचका खालनं येतूय, हिसका म्होरनं, हेलकावा बाजूनं," आबांनी मला समजावलं. "ह्या गाडीला तिन्ही न्हाईत."

"मग पास?"

"छ्या! ही कापती. आतल्या आत कापती. लय वंगाळ लक्षण." आणि त्यांच्या विजारीवर पाणी सांडलं.

शेजारच्या पोराने कानातले इअरफोन काढून सुचवलं, "आजोबा, टेबलावर ठेवा ना."

"टेबल गाडीचं हाय," आबा म्हणाले. "ते गाडीच्याच बाजूनं बोलनार!"

टीसी आला. त्याने विचारलं, काय चाललंय. आबा म्हणाले, "तुमच्या गाडीची परीक्षा." त्याने हसून निकाल विचारला. "रिजेक्ट!" टीसीचा चेहरा असा पडला, की जणू डबे त्याच्याच परड्यात बांधले होते.

दुसऱ्या सोमवारी डबा बदलून पाहिला, खुर्ची बदलून पाहिली. रिजेक्ट. त्यानंतरच्या सोमवारी गाडी कराडला थांबली. पूर्ण थांबली होती. फलाटावर एक बाई लेकराच्या चपलेचा बंद लावत होती, तीही खिडकीच्या चौकटीतून जागची सरकत नव्हती. आबांनी तेवढ्यात फुलपात्र पुन्हा काठोकाठ भरून हातात धरलं होतं, आणि पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं.

मी फुलपात्राकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. मग मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"बाजूच्या रुळावरनं मालगाडी गेली आसंल," आबा म्हणाले.

मालगाडी गेली नव्हती. मी म्हणालो, "गेली असेल."

घरी आल्यावर ते गिळून बसणं मला जमेना. आबा पाचरींसाठी पुठ्ठा आणायला गेल्याचं बघून मी काकूंकडे गेलो. बोलायला तोंड उघडलं. काकूंनीच माझी सुटका केली.

"गाडी पयल्याच सोमवारी पास झाली आसनार," त्या म्हणाल्या. "मला ठाव हाय. दिवाळीपास्नं मी त्यास्नी अर्धाच कप भरून देती. बशी देत न्हाई, वाजती म्हनून."

"मग त्यांना सांगत का नाही? डॉक्टरांना तरी दाखवा."

"माज्या पाठीच्या डॉक्टरकडं चारदा येतील. हाताचं नाव काडलं की पायात चपला घालत्यात." "आन् सांगू काय? जल्मभर त्या हातावर अख्खी फौज बसवली त्यांनी. आता मी म्हनू, तुमचा हात रिजेक्ट?"



पुढच्या रविवारी संध्याकाळी काकू स्वतःच आमच्या दारात आल्या, भिंतीला धरत धरत. दादांचा फोन येऊन गेला होता. "आज 'कवा येतीस' म्हनलाच न्हाई बगा तो," काकू म्हणाल्या. "बरी हैस न्हवं, म्हनला, आन् ठेवला फोन. इचारायचंच सोडलं त्यानं." त्यांचे डोळे भरून आले होते. पदराने पुसले आणि म्हणाल्या, "उद्या तीन तिकिटं काडा. पास हुंदे न्हाईतर रिजेक्ट, मी चालले."

आबांनी पाचर मारून बघितली. गाडी कापते म्हणाले, मणका जाईल म्हणाले, अमावास्या जवळ आली म्हणाले. काकूंनी पिशवी भरली. तिच्यात भावासाठी भडंग आणि हळदीची पुडी घातली आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या. आबा धुसफुसत मागून निघाले. पण गाडीत चढल्यावर आधी त्यांनी काकूंची खुर्ची दाबून बघितली, उशी लावली, उशीमागे पुठ्ठ्याची घडी सारली आणि विचारलं, "टेकलं का?"

"टेकलं."

गाडी सुटली. काकू खिडकीशी, आबा मधे, मी कडेला. भिलवडी मागे पडलं तसं आबांनी फुलपात्र काढलं. भरलं. उचललं. नदीकाठचा ऊस बाहेर पळत होता आणि आत पाणी काठावर नाचायला लागलं होतं. एक लाट उडाली ती काकूंच्या लुगड्यावर.

"बगितलंस?" आबांचा आवाज चढला. "बगितलंस न्हवं? कापती! कराडला उतरू, मागारी फिरू. आगं, तुज्या मनक्यासाठीच म्हनतूय मी!"

काकूंनी आपला डावा हात आबांच्या मनगटाखाली नेला आणि तसाच ठेवला. दाबला नाही, धरलाही नाही. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारावा, इतक्या सहज.

पाणी दोन-चार वेळा हिंदकळलं आणि निवलं.

आबा त्या पाण्याकडे बघत राहिले. कराड आलं. माणसं उतरली, माणसं चढली, दारं आपोआप बंद झाली. आबा उठले नाहीत. मी वर्तमानपत्र उघडलं. वाचत नव्हतो, तोंड लपवायला काहीतरी हवं होतं.

बऱ्याच वेळाने आबांचा आवाज आला. हळू होता. या माणसाला हळू बोलता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

"दादाकडं चहा काठोकाठ भरून देत्यात गं. जावई म्हनून. कपबशीतनं. समदी म्होरं बसलेली आसत्यात."

"दिऊ देत की," काकू म्हणाल्या. "मी शेजारीच बसनार हाय."

आबा पुन्हा पाण्याकडे बघायला लागले. मग माझ्याकडे न बघताच, कर्नलला निकाल सांगावा तसे म्हणाले, "सायेब, गाडी पास."

रहिमतपूर सर्रकन मागे गेलं. तिकडे आत औंधाच्या डोंगरावर काकूंच्या माहेरची यमाई. एरवी तिचं नाव निघालं तरी काकू दोन्ही हात जोडतात. त्या दिवशी एक हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी खिडकीकडे बघून नुसती मान लववली.