दत्तारामशेट काजू फोडतात

मजुरीची चौकशी करायला रत्नागिरीहून सरकारी साहेब येणार, म्हणून वेंगुर्ल्याच्या दत्तारामशेटांनी नामी युक्ती काढली. कारखान्यात काजू फोडणाऱ्या साठही बायकांना त्या दिवशी सुट्टी! बायकाच नाहीत, तर रडगाणं गाणार कोण? साहेबांना शहाळं पाजायचं, सुरमईचं जेवण घालायचं, की दर जिथल्या तिथे.

साहेब आले. शहाळं नको म्हणाले. खिशातून घड्याळ काढून म्हणाले, "एक माणूस तासाला किती काजू फोडतो, ते बघायचंय. दिवसभर राबून पोटापुरतं मिळायलाच हवं. कमी फुटत असतील, तर दर वाढवावा लागेल."

"त्यात काय बघायचं?" शेट हसले. "बसल्या जागी गप्पा मारत करायचं काम. मीसुद्धा करीन!"

"मग बसा."

आली का पंचाईत! शेट धोतर सावरून पाटावर बसले. पहिला घाव बोटावर. दुसऱ्या घावाला बी उडाली ती काजूगरांच्या नमुन्याच्या बरणीवर आपटली. तिसरी फुटली, पण आत गराचा भुगा. टरफलाच्या चिकाने हात चुरचुरू लागले. त्याच हाताने त्यांनी घाम पुसला आणि नाक काजूच्या पिकल्या बोंडूसारखं लाल झालं. साहेब पाणी प्यायला मुकादम गंगारामबरोबर विहिरीवर जाऊन आले. तास संपला तेव्हा ताटलीत अख्खे गर होते अकरा.

साहेब वहीत लिहू लागले, तसे शेट हबकले. "थांबा, थांबा साहेब! गंगाराम, धाव! सुभद्रेक घेऊन ये!"

साठ बायकांत सगळ्यात चपळ हाताची सुभद्रा घरून आली आणि दारातच थबकली. "अगे बाय माझे! राख न लावता बसलास, शेटानु? हात हयसर हाडा." तिने आधी त्यांच्या हातांना खोबरेल चोपडलं, मग आपल्या हातांना राख लावून पाटावर बसली.

"हळू फोड गो," गंगाराम कुजबुजला. "दर वाढतलो."

"घाव हळू मारलो तर गर फुटता," ती कळवळून म्हणाली. "माका हळू जमणा नाय रे!"

आणि हातोडी सुरू झाली. टक्, अख्खा गर. टक्, अख्खा गर. नजर साहेबांकडे, हात बियांवर, आणि एका बीला एकच घाव. शेट नाकाची आग विसरले. वीस वर्षं कारखाना चालवला, पण या पाटाकडे पाच मिनिटं कधी बघितलं नव्हतं. ताटली शिगोशीग भरली, तसा त्यांचा ऊर भरून आला आणि साहेबांशी बोलायची शुद्ध भाषा कुठल्या कुठे पळाली.

"बघलास साहेब? एक तुकडो नाय! अशी बाई उभ्या वेंगुर्ल्यात दुसरी मेळाची नाय!"

"तुमच्या साठांतसुद्धा नाही?"

"देवाशपथ नाय!"

"मग हिचं माप बाकीच्यांना कसं लावायचं?" साहेबांनी शांतपणे वही उघडली. "हिचं आणि तुमचं मिळून मधलं धरतो."

गंगारामने हसू लपवायला तोंड फिरवलं. दर वाढणार, हे शेटांना स्वच्छ कळलं. त्यांनी सुभद्रेच्या काळवंडलेल्या बोटांकडे पाहिलं, मग आपल्या सुजलेल्या बोटांकडे, आणि घसा खाकरला.

"साहेब, माझे अकरा नको, चारच लिवा. सात मी बरणीतले घातलेले."