मृत्युपत्राची पाचवी दुरुस्ती

"आता काय झालं, बाबा?" फोन उचलता उचलताच लेक वैतागली.

"मृत्युपत्रात दुरुस्ती आहे. शनिवारी ये. दादालाही कळवलंय."

"अहो, परवाच तर केली!"

"परवा शिलाई मशीन चालू होतं. आता बिघडलंय. बिघडलेलं मशीन दादाच्या वाट्याला द्यायचं, हा अन्याय नाही का?"

"मग तुम्ही बदला ना. आम्ही कशाला?"

"छे छे! वारसदार समोर लागतात. कायदाच आहे तसा."

असा कुठलाही कायदा नव्हता. तो टेलरमास्तरांनी स्वतः बेतला होता, आणि बेतण्यात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

झालं होतं असं. मास्तरांची बायको गेली, तेव्हा वकिलांनी सांगितलं, "मास्तर, मृत्युपत्र एकदा करून ट्रंकेत टाकायचं नसतं. दर वर्षी तपासायचं. माणसं बदलतात, वस्तू बदलतात." त्या पहिल्या तपासणीला दोन्ही मुलं आपापल्या गावांहून आली. मुलाने न्हाणीघर अडवलं, लेकीने स्वयंपाकघरात भांडी आपटली, रात्री एका उशीवरून दोघं कचाकचा भांडली. मास्तरांना कित्येक महिन्यांनी पोटभर जेवण गेलं. मुलं परतली आणि घर पुन्हा खायला उठलं. मास्तरांनी विचार केला, वर्षातून एकदाच तपासणी? हा तर शुद्ध निष्काळजीपणा झाला!

मग काय, कपाटाचं दार निखळलं, काढा दुरुस्ती. शेजाऱ्याने भिंत रंगवली, काढा दुरुस्ती. एक मांजर येऊन राहिली, तर तिचंही काहीतरी बघायला नको का?

शनिवारी मुलं आली, पण पोटात संशय घेऊनच. मुलाने बापाला कोपऱ्यात गाठलं.

"खरं सांगा बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

"लपवू नका. धडधाकट माणूस ऊठसूट मृत्युपत्र काढत नाही."

मास्तर नाही नाही म्हणत असताना मुलाने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि म्हणाले, "हे ठणठणीत आहेत. तुम्हालाच जरा घाम आलाय, बसा."

परत आले तर लेक दारातच उभी. हातात दोन धुतलेले कप.

"हा दुसरा कप कोणाचा?"

"माझाच. एकटा कप बरा दिसत नाही गं."

"बाबा, मी लहान नाही. कोण आहे ती? माझी काही हरकत नाही. फक्त घर तिच्या नावावर करू नका, एवढंच!"

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात वकील आले, मास्तरांनीच शिवलेला काळा कोट सावरत. लेकीने त्यांना बसूही दिलं नाही.

"काका, बाबांनी घर कुण्या बाईला ठेवलंय का?"

"हो, ठेवलंय की. सगळंच्या सगळं."

मुलगा ताडकन उठला. "आम्हाला समोर बसवून? आणि वर म्हणे वारसदार समोर लागतात!"

"कोण म्हणतं? तुमची इथे काहीच गरज नसते," वकील म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही हौसेने येता."

"ते राहू द्या. बाई कोण?"

वकिलांनी चष्मा काढला. "तुमची आई. पहिलं कलम अजून तेच आहे. दर वेळी मी म्हणतो, मास्तर, एवढं बदला. ते म्हणतात, आधी कपाटाचं घ्या, त्याचं पुढच्या वेळी बघू."

मास्तर मान खाली घालून सदऱ्याचं बटण चाचपत बसले.

"ती शेजारी बसली असताना लिहिलं होतं ते," ते म्हणाले. "घर देतो म्हटलं तिला. आता खोडायला हात होत नाही. फार आठवण येते रे तिची. तुमचीही येते. पण नुसतं 'या' म्हटलं की तुम्हाला रजा मिळत नाही."

मुलाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

वकिलांनी घसा खाकरला आणि पेन उघडलं. "एका ओळीचं तर काम आहे. पाच मिनिटांत उरकू. मग पुन्हा कोणाला यायला नको."

मुलगा झटकन वळला. त्याने वकिलांच्या हातातून पेन घेतलं आणि टोपण लावून टाकलं.

"आज नको, काका. घाईत काहीतरी चुकायचं. पुढच्या महिन्यात येतो आम्ही."

"अहो, पण चुकण्यासारखं आहे काय त्यात?"

"आणि तेव्हाही नाही जमलं, तर त्याच्या पुढच्या महिन्यात," लेक म्हणाली आणि डोळे पुसत तिने मृत्युपत्र घडी घालून वकिलांच्या बॅगेत ठेवून दिलं.