मधल्या आळीचा पक्का रंग

ॲन्सेल्म तुस्कानो यांनी मधल्या आळीच्या रस्सीखेच संघाला जर्सी छापून द्यायचा शब्द दिला, तो मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, चारचौघांत आणि सख्ख्या मेहुण्याच्या तोंडावर. त्यामुळे तो मागे घ्यायची सोयच उरली नाही.

मेहुणा गॉडफ्रे खालच्या आळीचा. पालक संताच्या सणाला दरवर्षी या दोन आळ्यांची रस्सीखेच व्हायची. दोन हजार पाच सालच्या त्या मे महिन्यात खालच्या आळीने दादरहून चकचकीत जर्सी आणल्या होत्या आणि गॉडफ्रेला ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

"काय भावोजी, तुमची पोरं याही वर्षी बनियनवरच ओढणार का?"

"आमच्या जर्सी आमच्याच आळीत छापणार," ॲन्सेल्म म्हणाले. "मी छापणार."

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी पॉलिनबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. तीस वर्षांच्या संसारात ही खूण 'आता तुमचं तुम्हीच निस्तरा' असं सांगते, हे ॲन्सेल्मना चांगलं ठाऊक झालं होतं.

पण शब्द अगदीच हवेतला नव्हता. फोर्टमधल्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून ॲन्सेल्मना घरात बसवत नव्हतं आणि वाडी तर भावाने कधीच ताब्यात घेतली होती. म्हणून चंदनसारच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग शिकवतात असं कळल्यावर ते तिथे जाऊन बसले. वर्गात सगळ्या बायका आणि हे एकटे पुरुष. शिकवणाऱ्या सुमेधा मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या, पण वर्गात त्यांचा दरारा हेडमास्तरांसारखा.

"काका, लाकडी चौकटीवर जाळी ताणून बसवली की झाली स्क्रीन," मॅडमनी समजावलं होतं. "जाळीवर उन्हाने घट्ट होणारा मसाला लावायचा, चित्र उन्हात उमटवायचं, पाण्याने धुवायचं. चित्राच्या जागी जाळी मोकळी होते. मग रंग ओतून रबराच्या पट्टीने एकदाच ओढायचा. एकदाच. आणि दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. टी-शर्टच्या आत पुठ्ठा घालायचा, नाहीतर रंग पाठीवर जातो. आणि वाळल्यावर गरम इस्त्री फिरवायची, नाहीतर रंग पक्का होत नाही. ज्याचा टी-शर्ट साबणाने धुतल्यावर टिकेल, त्यालाच सर्टिफिकेट."

ॲन्सेल्मना पट्टी ओढायचं वेडच लागलं. घरातले उशांचे अभ्रे, पॉलिनबाईंचे दोन एप्रन आणि एक पडदा यांच्यावर त्यांनी हात साफ करून घेतला. पुढे चित्र ठरलं केळीच्या लोंगराचं, म्हणजे अख्ख्या घडाचं. आळीच्या आज्या-पणज्यांनी केळी विकूनच घरं बांधली होती, तेव्हा त्याला कोणी हरकत घ्यायचं कारण नव्हतं. संघाचा कप्तान व्हिव्हियन पांढरे टी-शर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "अंकल, काय पण करा, पण खालच्या आळीवाल्यांसमोर आपली लाज जाऊ देऊ नका." ॲन्सेल्मनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शर्टावर इस्त्री फिरली आणि त्या थापेचे हिरवे ठसे शेवटपर्यंत गेले नाहीत, असं व्हिव्हियनची आई सांगते.

छापायच्या दिवशी पहिलीच अडचण पुठ्ठ्याची आली. घरात पुठ्ठ्याचा एकच मोठा खोका होता आणि त्यात नाताळच्या गोठ्यातली बाहुली ठेवलेली होती.

"बाळ येशूला जमिनीवर ठेवून तुम्ही पुठ्ठा फाडणार?" पॉलिनबाईंनी विचारलं. "हात तर लावून बघा." एवढं बोलून त्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला निघून गेल्या.

आता वसईच्या माणसाला काही अडलं की तो केळीकडे बघतो. जेवायला पान केळीचं, बांधायला दोरी केळीची, लग्नाच्या दाराला खांब केळीचा. ॲन्सेल्मनी परसातली नुकतीच घड उतरवलेली केळ पाडली आणि तिच्या खांबाची ओली सोपटं, म्हणजे थरावर थर असलेल्या साली, सोलून काढली. गुळगुळीत, गार, छातीएवढी रुंद. वर फळी दाबली की पुठ्ठ्यासारखी सपाट. त्यांनी प्रत्येक टी-शर्टमध्ये पुढून-मागून दोन दोन सोपटं सरकवली आणि आपल्या अकलेवर खूश होऊन पट्टी ओढायला घेतली. केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात जात नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण ॲन्सेल्म आता कारागीर झाले होते आणि कारागिराला पोराटोरांचं ज्ञान आठवत नाही. शिवाय ताजा चीक पाण्यासारखाच दिसतो.

प्रिंट मात्र झकास आले. प्रत्येक छातीवर हिरवागार लोंगर, एकही फणी पुसट नाही. ॲन्सेल्म कमरेवर हात ठेवून बघत राहिले. तीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले, पण स्वतःच्या हाताने केलेली, बघावीशी वाटणारी अशी एक वस्तू त्यांच्या नावावर नव्हती. आज होती. त्यांचा ऊर भरून आला.

मग इस्त्री लावली आणि लाइट गेली.

लोडशेडिंगची वेळ बदलल्याचं सगळ्या आळीला माहीत होतं, फक्त शिकाऊ छपाईवाल्याला नव्हतं. संध्याकाळी थोडा वेळ लाइट आली, तेव्हा पॉलिनबाईंनी पाण्याचा पंप लावला आणि इस्त्रीसाठी प्लग मोकळा नव्हता. ॲन्सेल्मनी आकाशाकडे बघितलं. मे महिन्याचं वसईचं ऊन काय इस्त्रीपेक्षा कमी असतं? त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळे टी-शर्ट सोपटांसकट अंगणात मांडले आणि दिवसभर तापू दिले.

सणाच्या आदल्या दिवशी ते विरारला रस्सी आणायला गेले आणि मागे पॉलिनबाईंनी धुण्याला हात घातला. जर्सींना फादर आशीर्वाद देणार होते आणि न धुतलेलं नवं कापड चर्चमध्ये न्यायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा रिवाज. विहिरीवर दगड होता, साबणाची वडी होती आणि मनगटात जोर होता.

ॲन्सेल्म परत आले, तर विहिरीजवळच्या मोरीतून हिरवं पाणी वाहत होतं.

"पॉलिन," ते रस्सी खांद्यावरच ठेवून म्हणाले, "हे काय धुतलंस?"

"तुमची कला," पॉलिनबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज उतरला होता. "मला काय ठाऊक, ती एका पाण्याची असेल म्हणून. बाकीचं राहू द्या, हे बघा."

त्यांनी एक टी-शर्ट झटकून वर धरला. हिरवा लोंगर गेला होता. पण छातीवर आणि पाठीवर भला मोठा तपकिरी चौकोन उमटला होता. साबण लागला तसा चीक चढत चढत कॉफीच्या रंगाचा झाला होता.

ॲन्सेल्म विहिरीच्या कठड्यावर टेकले. डोळ्यांसमोर गॉडफ्रे हसत होता. "संपलं," ते म्हणाले. "उद्या आळीला काय तोंड दाखवू?"

पॉलिनबाईंनी हट्टाने घरातले तिन्ही प्रकारचे साबण लावले, लिंबू चोळलं, मीठ चोळलं. डाग जास्तच तुकतुकीत झाला. शेवटी त्यांनी सगळे टी-शर्ट दोरीवर टाकले, नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी बसून राहिल्या. नवरा असा पडलेला त्यांना बघवत नव्हता.

टी-शर्ट वाळले तशा त्या उठून जवळ गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"अहो, इकडे या जरा."

छातीवरच्या तपकिरी चौकोनाच्या मधोमध, ओल्या कापडावर न दिसलेला, एक पांढराशुभ्र लोंगर होता. जिथे रंग बसला होता, तिथे खालून चीक शिरू शकला नव्हता. रंग धुऊन गेला आणि त्याच्या जागी कोरं कापड उरलं. फण्या, दांडा, टोकाचं केळफूल, सगळं जागच्या जागी. भोवतीच्या तपकिरी रंगात सोपटाच्या उभ्या शिरासुद्धा उमटल्या होत्या. ॲन्सेल्मनी नखाने खरवडून बघितलं. काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मधली आळी मैदानात उतरली, तेव्हा लोक बाकांवरून उभे राहिले. दादरची जर्सी लोकांनी दुकानात बघितली होती, ही कोणी कुठेच बघितली नव्हती. व्हिव्हियनची पोरं छाती पुढे काढून चालत होती आणि छाती पुढे आलेल्या पोरांना ओढणं अवघड जातं. खालची आळी दोन्ही वेळा ओढली जाऊन रेघेच्या अलीकडे आली. म्हाताऱ्या मटिल्डा मावशींना कमी दिसायचं, पण त्यांनीही जर्सीला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "आमच्या वाडीचा रंग हाय ना ह्यो?"

सुमेधा मॅडम बोलावण्यावरून सामना बघायला आल्या होत्या. त्यांनी व्हिव्हियनची घामाने भिजलेली जर्सी उतरवून घेतली, मैदानाच्या नळावर साबण लावून घासली, पिळली, पुन्हा घासली.

"काका, वर्गातल्या कोणाचाच प्रिंट एवढा टिकला नाही," त्या म्हणाल्या. "इस्त्री किती वेळ फिरवलीत?"

ॲन्सेल्मनी पॉलिनबाईंकडे बघितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"मॅडम, इस्त्री फिरवलीच नाही," ॲन्सेल्म म्हणाले आणि पुठ्ठ्यापासून मोरीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी ओली जर्सी उलटी करून तिच्यावरच्या सोपटाच्या शिरांवरून बोट फिरवलं. तेवढ्यात गॉडफ्रे घाम पुसत आला. "भावोजी, पुढच्या वर्षी आमच्यापण छापाल का?"

"बघू," ॲन्सेल्म म्हणाले. "तुमच्या आळीतल्या केळी कशा आहेत, त्यावर आहे."

पुढच्या सोमवारी चंदनसारच्या हॉलमध्ये नवी तुकडी सुरू झाली. ॲन्सेल्म खांद्यावर केळीचा ओला खांब घेऊन आत आले. मागून पॉलिनबाई साबणाच्या तीन वड्या घेऊन आल्या, कारण धुणं आपल्याशिवाय कोणाला जमणार नाही असं त्यांचं ठाम मत होतं. पहिल्या ओळीत, बायकांच्या मधोमध, सुमेधा मॅडम एप्रन बांधून बसल्या होत्या.

ॲन्सेल्मनी खांब टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि वर्गाकडे वळले.

"पहिला नियम," ते म्हणाले, "इस्त्रीला कोणीही हात लावायचा नाही."