समुद्र परतीला

सर्जापूर रोडवरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये गोविंदण्णा जाधवांचा तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. पूर्वेचा, भरपूर उजेडाचा, दोन बाल्कन्यांचा. आणि दर शनिवारी हा माणूस उशी काखोटीला मारून लिफ्टने खाली येतो आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये झोपतो.

मला हे कळलं ते असं. आम्ही नवीन राहायला आलो होतो. रविवारी सकाळी फोनवर आईशी बोलत मी गाडी काढायला खाली गेलो. शेजारच्या जागेत दोन चाकांवर एक पांढरा पत्र्याचा डबा उभा होता, मोठा फ्रिज आडवा पाडावा तसा. त्याची खिडकी उघडली आणि दात घासत असलेलं एक तोंड बाहेर आलं.

"मराठी? कुठलं गाव?" तोंडाने विचारलं.

"नागपूर."

"सरी, बरं. नागपूर, गाडी मागं घेताना निधान हं. इथं माझं घर आहे."

तेव्हापासून मी 'नागपूर'. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष 'पुणे', चौथ्या मजल्यावरचं तरुण जोडपं 'मुंबई'. नावं अण्णांच्या लक्षात राहत नाहीत, गावं राहतात. आणि 'निधान' हा त्यांचा शब्द. मला आधी वाटलं, सुखनिधान, करुणानिधान असं काहीतरी देवाधर्माचं असेल. मग कळलं, कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू. अण्णा जेवताना निधान, बोलताना निधान, लिफ्टचं बटण दाबतानासुद्धा निधान. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर बेंगळुरूत आले म्हणे. "फौज परत गेली, आम्ही राहिलो," असं ते अभिमानाने सांगतात. मला दाट शंका आहे की बाकीचे निघाले तेव्हा हे लोक अजून चपला घालत होते.

चिकपेटेत अण्णांचं बिजागऱ्या, कड्या, कोयंड्यांचं दुकान होतं. आता ते पुतण्या बघतो. दुकान सुटल्यावर अण्णांनी आनेकलच्या एका मित्राच्या शेडमध्ये, जिथे बसच्या बॉड्या बांधतात, हा ट्रेलर बांधून घेतला आणि जन्मभराच्या सगळ्या बिजागऱ्या त्यात ओतल्या. आतलं सगळं मिटतं. पलंग भिंतीत मिटतो, शेगडी ओट्यात मिटते, भांडी घासायचं बेसिनही मिटतं. फक्त एकाच वेळी दोन गोष्टी उघडत नाहीत. टेबल उघडलं की दार उघडत नाही. पलंग पाडला की टेबल पडत नाही. एकदा मला आत चहाला बोलावलं होतं. चहा पिऊन झाल्यावर बाहेर पडायचं तर आधी कप, मग टेबल, मग मी अशा क्रमाने सगळं मिटावं लागलं.

"छान झालं की नाही?" अण्णा म्हणाले. "एक पण बिजागरी कुरकुरत नाही बघ."

यावरून सोसायटीत मीटिंग झाली. अध्यक्षांनी, म्हणजे पुण्यांनी, नियमावली उघडली.

"जाधवसाहेब, पार्किंग फक्त वाहनांसाठी आहे."

"वाहनच आहे की. चाकं मोजा."

"वाहनात कोणी झोपत नाही."

"तुमचा ड्रायव्हर झोपतो की रोज दुपारी," अण्णा म्हणाले. "मी बघितलो."

मीटिंग संपली. पण दर शनिवारी खाली कशाला झोपता, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी एकच शब्द सांगितला, "सराव." कशाचा सराव, ते काही सांगितलं नाही. एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं की डिसेंबरात अण्णा ट्रेलर जोडून कारवारला जातात आणि चार-पाच दिवसांत परत येतात. "कारवारला जरा काम आहे," म्हणायचे. माणूस एकटा, घरात बाईमाणूस कधी दिसलं नाही. आम्ही धरून चाललो की लग्न केलेलं नाही, आणि कारवारला बिजागऱ्यांचं काही येणं-देणं असेल.

गेल्या डिसेंबरात माझी एक नोकरी सुटली होती आणि दुसरी लागायची होती. बायको मुलीला घेऊन अमरावतीला माहेरी गेलेली. अण्णा वर आले, दारात उभे राहिले.

"नागपूर, येतोस? कारवार ते मंगळूर. सगळा समुद्राचा रस्ता. स्वयंपाक माझा."

मी तिथल्या तिथे हो म्हणालो. दोन पावलं जाऊन ते परत वळले. "एक सांगून ठेवतो. मधे कदाचित तुला बसनं परत यावं लागेल. जागा नाही पुरणार."

"का? कोणी येणार आहे?"

"बघू," म्हणाले. "निधान."

समुद्र बघायला निघालो होतो खरा, पण पहिले दोन दिवस मी बघितलं ते तुमकुरू, चित्रदुर्ग आणि दावणगेरे. अण्णा चाळिसाच्या वर गाडी नेत नाहीत. मागून ट्रक यायचे, हॉर्न वाजवायचे, कंटाळून पुढे जायचे. उसाने भरलेल्या एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं, तेव्हा उसावर बसलेल्या माणसाने आम्हाला टाटा केला. अण्णांनीही उलट टाटा केला.

हुबळीच्या अलीकडे पोलिसाने अडवलं. "इदेनु?" म्हणजे हे काय.

"मने," अण्णा म्हणाले. घर.

पोलिसाने ट्रेलरला चक्कर मारली, आत डोकावला. "घरात कोण असतं?"

अण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सध्या हा." पोलिसाने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि आम्हाला सोडलं.

घाट उतरून अंकोल्याला पोचलो आणि वळणावर एकदम समुद्र दिसला. निळा, उन्हात चकाकणारा. मी ओरडलोच, "अण्णा, थांबवा!"

अण्णांनी मान जराही वळवली नाही. झापडं लावलेल्या घोड्यासारखे सरळ समोर बघत राहिले. "आता नको. समुद्र परतीला बघायचा."

"अहो, हा काय इथेच आहे! पाच मिनिटं."

"परतीला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच घाई होती.

कारवारच्या अलीकडे एका टपरीवर मात्र थांबले. एक चहा झाला, दुसरा झाला. तिसरा सांगितला. गाडीच्या आरशात बघून भांग पाडला, तो मोडला, परत पाडला.

"दोन वर्षं इथवर आलो, नागपूर," ते म्हणाले. "इथंच चहा प्यालो आणि परत गेलो."

"कोण आहे कारवारला?"

"बायको."

मी हातातला ग्लास बाकावर ठेवला.

मग त्यांनी सांगितलं, ग्लासातला चहा फुंकत, थांबत थांबत. मालती कारवारची. लग्न झालं तेव्हा तिचं म्हणणं एवढंच होतं की आपण एकदा समुद्राच्या कडेकडेने जाऊ, माझ्या गावापासून खाली मंगळूरपर्यंत. अण्णा म्हणाले, जाऊ की. मग दुकानाचा सीझन आला. मग दिवाळी. मग वडील आजारी पडले. मग थोरल्या भावाने वाटणी मागितली. "दर वर्षी सांगितलो, निधान, पुढच्या वर्षी नक्की." पुढे तिची आई अंथरुणाला खिळली म्हणून ती माहेरी गेली. आई गेली. तिला तिथल्याच शाळेत नोकरी लागली. ती राहिली.

"भांडण झालं होतं?"

"नाही रे. भांडण असतं तर मिटवलो असतो." ते टपरीच्या बाकाचा खिळा बोटाने चाचपत होते. "मी न्यायला येईन म्हणून ती बसली. ती आपली आपण येईल म्हणून मी बसलो. केस पांढरे झाले तेव्हा कळलं, किती वर्षं बसलो ते."

"फोन?"

"फोनवर काय सांगू? ये म्हणून? गाडी नको का न्यायला?"

म्हणून त्यांनी गाडी बांधली होती.

घर समुद्राजवळच होतं, माडांमागे, लाल कौलांचं. मी फाटक उघडलं. दारात एक बारीक, ताठ बाई उभ्या राहिल्या. केस पांढरेशुभ्र, नाकावर चष्मा. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, मग ट्रेलरकडे, मग परत अण्णांकडे.

"आलात?" त्या म्हणाल्या. जसे काही अण्णा भाजी आणायला गेले होते. मग माझ्याकडे वळल्या. "यांना चहा चालेल का हो? पूर्वी कॉफी लागायची."

"चालेल," अण्णा म्हणाले.

"चालेल म्हणतात," मी म्हणालो. काय करणार, विचारलं मला होतं.

चहा झाला. शाळेच्या, पुतण्याच्या, बेंगळुरूच्या ट्रॅफिकच्या गप्पा माझ्यामार्फत झाल्या. शेवटी अण्णा उठले. "बघतेस का?" हे मात्र त्यांनी थेट बायकोला विचारलं.

मालतीबाई ट्रेलरमध्ये चढल्या. एकेक कप्पा उघडून बघितला. शेगडी बाहेर काढली, आत ढकलली. बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं. "पितळी घातल्यात?"

"समुद्राच्या हवेला गंजत नाहीत."

"हो. दुकानात सांगायचात तुम्ही गिऱ्हाइकांना." त्या बाकावर बसल्या. अण्णांनी टेबल उघडून दाखवलं, आणि अर्थातच दार अडलं. आम्ही तिघे आत, गुडघ्याला गुडघे लावून. मला तिथून नाहीसं व्हायचं होतं, पण जाणार कुठून?

"चल," अण्णा म्हणाले. "मंगळूरपर्यंत. अंकोला, कुमटा, होन्नावर, मुर्डेश्वर. तुला पाहिजे तिथं थांबू. खिडकी तुझ्या बाजूला."

मालतीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"मला आता गाडी लागते हो," त्या म्हणाल्या.

अण्णांना कळेना.

"बाजारापर्यंत रिक्षात बसले तरी लिंबू हुंगत बसावं लागतं. मागे बसने अंकोल्याला लग्नाला गेले, तर दोन दिवस डोकं गरगरत होतं. डॉक्टर म्हणाले, वयानं कानातलं काहीतरी बिघडलंय. प्रवास नको."

"मी निधान चालवतो."

"तुम्ही निधानच चालवता," मालतीबाई हसून म्हणाल्या. "त्याचंच तर सगळं झालं."

रागाने नव्हत्या म्हणाल्या. मग अण्णांनी टेबल मिटलं, कारण त्याशिवाय कोणालाच उतरता येईना.

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात झाला. अण्णांनी दोनदा भात वाढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मालतीबाई फाटकापर्यंत आल्या. "पोचलात की फोन करा," म्हणाल्या, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की एकमेकांचे नंबरच नाहीत. ते मी दिले-घेतले.

आणि मग तो सगळा समुद्र सुरू झाला. मी आयुष्यात असा रस्ता बघितला नव्हता. एक वळण संपलं की खाडी, खाडी संपली की माड, माडांच्या आड परत निळं पाणी. अण्णा समोर बघून गाडी चालवत होते.

"अण्णा, परतीचा समुद्र," मी हळूच म्हणालो.

"बघ की तू."

डावीकडची भाताची शेतंही त्यांनी बघितली नसतील.

कुमटा सोडता सोडता त्यांचा फोन वाजला, तो मी स्पीकरवर लावला. "पोचलात का?"

"अजून कुमट्यात आहे," अण्णा म्हणाले.

पलीकडे मालतीबाईंना हसू आवरेना. "अजून कुमट्यात? कसा आहे रस्ता?"

अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. "नागपूर, सांग तिला." मी सांगू लागलो, पण समुद्र निळा आहे यापलीकडे माझीही गाडी जाईना. शेवटी मी व्हिडिओ कॉल लावला आणि खिडकीबाहेर हात काढून फोन धरला. होन्नावरचा लांबलचक पूल आला. खाली शरावती, होड्या, काठाचे माड.

"बाई, दिसतंय ना?"

"दिसतंय. पण बंद करा हो ते," पलीकडून कण्हल्यासारखा आवाज आला. "मला इथे बसल्या बसल्या गाडी लागली."

त्यानंतर भटकळ, बैंदूर सगळं फोन खिशात ठेवूनच गेलं. ऊन कलत आलं तेव्हा आम्ही मरवंतेला पोचलो. तिथे रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला नदी, मधून फक्त रस्ता. अण्णांनी गाडी बाजूला घेतली, चाकांमागे दगड लावले, ट्रेलरची पायरी खाली सोडली आणि तिच्यावर बसले.

"लाव तिला फोन. व्हिडिओ. आता काही हलत नाही म्हणावं."

मी लावून दिला. अण्णांनी फोन दोन्ही हातांत धरला, ताट धरावं तसा, समुद्राकडे तोंड करून. हात जरासुद्धा हलू देत नव्हते. पलीकडे मालतीबाई नारळ खवत बसल्या होत्या.

"दिसतंय?"

"दिसतंय." खवणीचा आवाज येत होता. लाटा येत होत्या, जात होत्या.

"पुरे झाला समुद्र," मालतीबाई म्हणाल्या. "माझ्या मागल्या दारी तोच आहे."

अण्णांचा चेहरा उतरला. "मग?"

"फोन वळवा जरा."

अण्णा फोनसकट उठले आणि अख्खे वळले. "ही नदी बघ. सौपर्णिका."

"नदी नको."

"मग काय दाखवू?"

पलीकडे खवणी थांबली होती. अण्णांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो, पडद्यावरचं कॅमेरा उलटवायचं बटण दाबलं आणि वाळूत उतरून पाण्याकडे चालू लागलो.

मागून मालतीबाईंचा आवाज ऐकू आला, "काल नीट बघितलंच नाही हो तुम्हाला."