सिद्रामअण्णांचा सातवा झोन

"कसं काय अण्णा, बरं आहे ना?" असं विचारलं की माणसं 'बरं आहे' म्हणतात, नाहीतर गुडघ्यापासून सुरुवात करतात. आमचे शेजारी सिद्रामअण्णा शांतपणे सांगतात, "सातही झोन बंद हाईत."

याचा अर्थ सगळं ठीक आहे. एखादा झोन उघडा असेल त्या दिवशी मात्र अण्णांच्या वाटेला जाऊ नये. हातात टेस्टर घेऊन ते घरभर फिरत असतात आणि मधे येणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो दूधवाला का असेना, संशयाने बघतात.

झोन म्हणजे काय ते सांगतो. अण्णांच्या घराला चोरघंटा आहे. तशी आता बऱ्याच घरांना असते, पण ती बिनतारी. अण्णांची चोरघंटा वायरीची आहे आणि त्यांनी ती स्वतःच्या हातांनी बसवली आहे. चौकटीला एक तुकडा, दाराला दुसरा, त्यात लोहचुंबक. दोन्ही तुकडे जवळ असेपर्यंत सगळं शांत. दार उघडून ते दूर गेले, की गच्चीवरचा भोंगा असा बोंबलतो की आमच्या मैलूर भागातली कुत्री पार किल्ल्याकडे पळत सुटतात. प्रत्येक दाराची वायर बैठकीतल्या एका पांढऱ्या पेटीत येते. पेटीवर सात दिवे आहेत. एक दिवा म्हणजे एक झोन.

अण्णा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभी नोकरी त्यांनी खांबांवर काढली. पुढे मोबाइल आले आणि त्यांनी ओढलेल्या तारा गावभर नुसत्याच लोंबकळत राहिल्या, याचं दुःख त्यांना निवृत्तीपेक्षा जास्त झालं. मुलगा बेंगळुरूला असतो. त्याने मोबाइलवर चित्र दाखवणारा कॅमेरा पाठवला होता. अण्णांनी तो खोक्यातून काढला, उलटासुलटा करून वायर कुठे आहे ते शोधलं आणि परत खोक्यात ठेवला. "वायर खोटं बोलत न्हाई, सर," ते मला म्हणाले. "हवेतनं येतंय ते कुठनं आलं, काय भरवसा?"

माझ्या बायकोने एकदा शांताक्कांना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, विचारलं की चोरांनी न्यावं असं घरात आहे तरी काय. शांताक्का म्हणाल्या, "भोंगाच हाय की एक नवा. बाकी समदं जुनं."

या भोंग्याने शांताक्कांचा संसार बदलून टाकला. घराबाहेर पडताना पेटीवर चार आकडे दाबायचे आणि तीस सेकंदांत बाहेर पडून दार लावायचं, असा नियम. तेवढा वेळ पेटी टुकटुक करत राहते. अक्कांनी साठी ओलांडलेली, गुडघे दुखरे. भालकीला लग्नाला जायचं होतं, तर आदल्या दिवशी अण्णांनी त्यांच्याकडून सराव करून घेतला. पहिल्या खेपेला पदराची पिन राहिली. दुसऱ्या खेपेला चपलेचा बंद अडकला. तिसऱ्या खेपेला अक्का अठ्ठावीस सेकंदांत बाहेर आल्या आणि आत राहिले अण्णा, कारण ते घड्याळ धरून सेकंद मोजत उभे होते.

सोमवारी मठाचे स्वामी भिक्षेला येतात. या घरात जंगमाला, म्हणजे स्वामींना, दार कधी बंद नसतं. ते हाक न मारता सरळ बैठकीत येतात, अण्णांच्या आजोबांपासूनचा रिवाज आहे. चोरघंटा बसल्यावरच्या पहिल्याच सोमवारी स्वामी आत आले आणि भोंगा त्यांच्या डोक्यावर सुरू झाला. वयस्कर माणूस, जागचे हलले नाहीत. भोंगा थांबेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले आणि मग म्हणाले, "सिद्रामप्पा, आमाला चोरात धरलास व्हय?" अण्णांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. आता स्वामी फाटकातूनच गंभीर आवाजात सांगतात, "सिद्रामप्पा, झोन काढ."

मी हायस्कुलात गणित शिकवतो. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. अण्णांचं पुढचं दार, मागचं दार, स्वयंपाकघराची खिडकी, देवघराची खिडकी, गच्चीचं दार आणि बैठकीतला हालचाल टिपणारा डोळा. कितीही वेळा मोजा, सहाच होतात. पेटीवरही सहा दिव्यांखाली अण्णांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या, सातव्याखाली काहीच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "सातवा हाय म्हणून हाय. तुमाला कामून पायजे?" मी विषय सोडला, पण हिशेब लागला नाही ही रुखरुख राहिली.

अण्णांची एक भिंत त्यांच्या धाकट्या भावाचीही भिंत आहे. वडिलांचं एकच घर होतं, वाटणीत मधे भिंत घातली. पलीकडे शरणप्पा राहतात. त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे. भालकीकडच्या मेहकरचं शेतही असंच वाटलं, चिठ्ठ्या टाकून. विहीर शरणप्पांच्या चिठ्ठीत गेली. चिठ्ठ्यांच्या घड्या सारख्या नव्हत्या, असं अण्णा चारचौघांत बोलून गेले आणि ते शरणप्पांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून नऊ वर्षं दोघांचं बोलणं नाही. अण्णांनी आपला तुकडा बटईने लावून दिला आणि शेताकडे पाठ फिरवली.

भांडण तसं केव्हाच विझलं होतं. प्रश्न एवढाच उरला होता की आधी कुणी बोलायचं. अण्णांचं म्हणणं, तो धाकटा, त्यानं यावं. शरणप्पांचं म्हणणं, ते थोरले, त्यांनी बोलवावं. दोन्ही नियम बरोबर असल्यामुळे कुणालाच हलता येत नव्हतं.

याचा चटका बसायचा शांताक्कांना, तोही येळवसेला. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडे गावात माणूस म्हणून राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप करून तिथे पूजा होते, भज्जी आणि उंडे खायचे, अंबील प्यायची. ज्याला शेत नाही त्याला कुणी ना कुणी हात धरून नेतो. पूजा झाली की घरातल्या थोरल्याने पिकाभोवती अंबील शिंपडत फिरायचं. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हापासून मेहकरच्या खोपीत जेवलेल्या. आता त्या पहाटे उठून तोच सगळा स्वयंपाक करायच्या आणि नवरा-बायको बैठकीत पेटीसमोर बसून जेवायचे.

सुरुवातीला अण्णा विचारायचे, "समदी गल्ली रिकामी. घर कुणी बघायचं?" म्हणून तर अक्कांनी चोरघंटेला होकार दिला होता. ती बसल्यावर येळवस आली. अक्कांनी हौसेने डबे भरले. अण्णा म्हणाले, "आन् घंटा कुणी बघायची?"

अक्कांनी डबे उघडून दोन ताटं वाढली. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोजवळ त्या रडल्या. मला खोप नको न् भज्जी नको, म्हणाल्या, दोघांतला एक जायच्या आधी हे दोघं भाऊ शेजारी बसून जेवलेले तेवढे बघायचेत.

यंदाच्या येळवसेला माझा पाय मुरगळला होता. बायको-मुलं माझ्या एका सहकाऱ्याच्या शेतावर गेली होती आणि मी घरी पाय उशीवर ठेवून पडलो होतो. ऊन डोक्यावर आलं आणि भोंगा सुरू झाला. भोंगा वाजला की गल्ली आता 'अण्णा चष्मा विसरून परत आले' म्हणते आणि आपल्या कामाला लागते. मीही तेच म्हटलं. पण तो थांबेना. शेवटी लंगडत गेलो. अक्का पेटीसमोर उभ्या होत्या. सहा दिवे हिरवे होते आणि चिठ्ठी नसलेला सातवा लाल. अण्णा काठी घेऊन अनवाणीच मागच्या बोळात धावलेत, असं त्या म्हणाल्या. मीही बोळात गेलो.

शरणप्पांचं मागचं दार सताड उघडं होतं आणि दारात खुद्द शरणप्पा उभे होते. समोर अण्णा, काठी उगारलेली. दाराच्या वरच्या कोपऱ्यात लोहचुंबकाचा तुकडा होता आणि तिथून निघालेली वायर भिंतीला धरून अण्णांच्या घरात शिरली होती. माझा हिशेब लागला.

अण्णांनी काठी खाली केली. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. न बोलणाऱ्यांना तिसरा माणूस लागतो.

"सर," भोंग्यावर आवाज चढवून शरणप्पा म्हणाले, "ह्यांला विचारा, माझ्या दाराला ह्यांची वायर कशी?"

दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या अण्णांना मी तेच ओरडून विचारलं.

"त्याला सांगा," अण्णा मला म्हणाले, "त्याच्या पुढच्या दाराला कुलूप दिसलं की मी चालू करायलो. ह्यो शेताला जातोय, दुकानाला जातोय, घर तसंच टाकतोय. कुणीतरी बघाया नको?"

तेवढ्यात आत अक्कांनी भोंगा बंद केला. पेटीचे आकडे अण्णांशिवाय कुणाला माहीत नाहीत, असा अण्णांचा समज होता. एकाएकी फार शांत वाटायला लागलं.

"मला म्हाइत हाय म्हणावं," शरणप्पा हळू आवाजात म्हणाले. "चार दिवाळ्या झाल्या. दाराला रंग दिलो तवा वायरीलाबी दिलो. कुलूप लावून गेलो की परत येताना मागनं येत न्हाई, पुढनंच येतो. ह्यांचा भोंगा वाजू नये म्हणून."

मी वर पाहिलं. वायर दारासारखीच निळी होती, अगदी नीट, एकही ओघळ न सोडता रंगवलेली. नऊ वर्षं बोलणं नसलेल्या भावाची वायर या माणसाने ब्रश धरून रंगवली होती.

"मग आज मागनं कामून आलाव?" हे मात्र मी माझ्या मनाने विचारलं.

शरणप्पांचे पाय काळ्या मातीने भरलेले होते. पूजा थांबवून ते मेहकरहून जीप घेऊन आले होते. "बोलायचं न्हाई म्हणून ठरलंय की आमचं," ते म्हणाले. "मग बोलवायचं कसं? दार उघडलं की पळत येतील, येवढं ठावं होतं. नऊ वरसं अंबील मीच शिंपडायलोय, सर. थोरल्याचं काम हाय ते. पीक येतंय, पण मनाला बरं वाटत न्हाई."

हे अण्णांना सांगायला मी तोंड उघडलं. पण त्याची गरज नव्हती. अण्णा भावाच्या पायांवरची माती बघत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, आणि या वेळी मला नाही, "हरभऱ्याला घाटे धरलेत का?"

"येऊन बघ की, अण्णा."

गल्ली सगळी त्यांना अण्णा म्हणते. मीही म्हणतो, स्वामी सोडले तर सगळेच म्हणतात. पण ते ज्याचे खरोखरचे अण्णा, त्याच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

शांताक्का माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. तोंडाला पदर लावून त्या रडत होत्या. अण्णांनी हातातली काठी माझ्याकडे दिली आणि बोळातून जीपकडे चालायला लागले, तसेच अनवाणी, धाकट्याच्या मागोमाग.