महारुद्रच्या डोक्यातलं सगळं

माणूस जसजसा वर चढतो तसतसं त्याला खालचं कमी दिसतं, आणि यालाच अनुभव म्हणतात.

पालमचा महारुद्र अठरा वर्षांत असाच चढत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट झाला. पहिली सहा वर्षं त्याने कोड लिहिला, पुढची सहा दुसऱ्यांचा तपासला आणि उरलेली सहा फळ्यावर चौकोन काढून त्यांना बाणांनी जोडलं. (बाण दोन्ही बाजूंनी टोकदार असला की पगारवाढ लवकर होते.)

मग कंपनीने कोड लिहायला एआय एजंट आणला. पूर्णेजवळच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग मिलसाठी त्याने पंचवीस मिनिटांत, कोणी कोणत्या दिवशी कापूस आणायचा याची टोकन पद्धत तयार केली. महारुद्रने ती पालमला घरी बसून मंजूर केली. दुसऱ्या दिवशी मिलच्या ऑफिसातून सत्यशीलाबाईंचा फोन आला.

"सायेब, आज बाजार हाय. मिल बंद ऱ्हाती. तुमच्या यंत्रानं चाळीस जणांला आजचंच टोकन दिलंय. कापसाचे टेम्पो फाटकावर हायेत, आन् माणसं माझ्या अंगावर यायलीत!"

कंपनीने चौकशी केली. निष्कर्ष असा, की एजंट निर्दोष आहे. त्याला संदर्भ मिळाला नाही. सबब महारुद्रने डोक्यातलं सगळं पंधरा दिवसांत लिहून द्यावं.

महारुद्रची छाती फुगली. तो दार लावून बसला. आई शांतम्मा चहा घेऊन आत आली.

"काय लिहायलास रे एवढं?"

"डोक्यातलं समदं उतरवायलो, आई."

"मंग दुपारपस्तोर होईल की," ती मायेनं म्हणाली.

झाली चौसष्ट पानं. एजंटने ती चार सेकंदांत वाचून नम्रपणे कळवलं: 'यातलं बहुतेक मला माहीत आहे. कृपया मला माहीत नसलेलं तेवढंच ठेवावं.' महारुद्र खोडत गेला. शेवटी अकरा ओळी उरल्या. त्यातल्या सातांत 'हे सत्यशीलाबाईंना विचारावं' असं होतं.

त्या अकरा ओळी त्याने एका वहीत उतरवून घेतल्या. मग तो उठला, जीपने पूर्णेला गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मिलच्या फाटकातून आत शिरला. कापसाची धूळ नाकात गेली, सटासट शिंका आल्या. बाईंनी स्टूल पुढे केलं.

"बसा. इतकी वर्सं कुठं व्हता, सायेब?"

"वर," तो म्हणाला, आणि वही उघडली.

एजंट आता छान चालतो. महारुद्र आठवड्यातले तीन दिवस त्या स्टुलावर असतो. कंपनीच्या नोंदीत ही पदावनती आहे.

हे वाचून ज्यांना गालातल्या गालात हसू आलं, त्यांनी आपल्या डोक्यातलं सगळं आजच लिहायला घ्यावं. कागद लहान घेतला तरी चालेल. फक्त आपल्या कामातल्या सत्यशीलाबाईंचा नंबर आधी विचारून ठेवावा. तो तुमच्याकडे नसणार.